शेंगाचं पारणं

सगळं एकदम सांगावंसं वाटालंय, बोटं नुसती पळाल्यात, पण आधी आमच्या घरातल्या पाण्याचं सांगतो, कारण ते सांगितल्याबिगर मलेशियातल्या कासवाचं काय बी कळायचं न्हाय. आणि एक. आमच्या निपाणीकडं पोरी बी 'मी गेलो, मी आलो' असंच म्हणत्यात. मी पोरगीच हाय, सुप्रिया, घरात सुप्री. तवा वाचताना गडबडू नका.

तर पाणी. आमचं घर निपाणीपासनं थोडं आत, उसाच्या मधी, आणि घराच्या पाठीमागं विहीर. नळ हाय, मोटर हाय, मामानं दिलेला फिल्टर बी हाय (त्याच्यावर आई चहाच्या बश्या वाळत घालती), पण प्यायचं पाणी अजून रहाटानंच काढायचं. आम्ही जैन. पाणी गाळूनच प्यायचं, आणि गाळून झालं की काम संपत न्हाय, तिथनं पुढं सुरू होतंय. घागरीच्या तोंडावर अण्णांच्या, म्हंजे माझ्या वडलांच्या, जुन्या धोतराचं फडकं दुहेरी घालायचं, कारण वापरून वापरून ते लोण्यासारखं मऊ झालेलं असतंय, वरनं पाणी ओतायचं. फडक्यात जे उरतं, डोळ्याला दिसू दे न्हायतर न दिसू दे, ते जीव. ते ज्या पाण्यातनं आलं त्याच पाण्यात परत गेलं पायजे. म्हणून फडकं उलटं करून गाळलेल्या पाण्यानं हळू धुवायचं, ते पाणी एका तांब्यात घ्यायचं. त्या तांब्याच्या बुडाला कडी, कडीला दोरी. तांब्या सावकाश विहिरीत सोडायचा आणि पाण्याला टेकला की दोरी ओढून उलटा करायचा. वरनं ओतायचं न्हाय, पडून लागेल की त्यांना! ह्याला आम्ही जिवाणी सोडणं म्हणतो. मी पाच वर्षांचा असल्यापासनं हे करतोय. रहाटाची कुईकुई, बस्तीतली, म्हंजे आमच्या जैन देवळातली, घंटा, सीझनला उसाचे ट्रॅक्टर आणि त्यांच्यावर फुल आवाजात कन्नड गाणी, आतनं आईची भाकरी थापायची थपथप, आणि ह्या सगळ्यात माझे हात आपोआप चालालेत. अर्ध्या झोपेत, मोबाईल बघत, अभ्यासाचं पाठ करत, कसं बी. डोक्याला विचारायची गरजच न्हाय. हे लक्षात ठेवा, पुढं ह्याच्यामुळंच सगळा घोळ झालाय.

आणि आमच्या विहिरीचं पाणी म्हंजे काच. शेजारच्या विहिरीत डासांच्या अळ्या वळवळत्यात, आमच्यात एक न्हाय. आई छाती फुगवून सांगायची, "तीस वर्षं जिवाणी चुकवली न्हाय मी. पुण्याई हाय ती." अण्णा शेंगाची चटणी भाकरीला लावत मिशीत हसायचे. मला वाटायचं कौतुकानं हसत्यात.

मी तवा बेळगावला बी.एस्सी. करत होतो, टिळकवाडीत खोली. शनिवार-रविवार खासबागच्या पोरापोरींच्या एका गटाबरोबर मांज्यात अडकलेल्या घारी सोडवायच्या, कुणाच्या मोरीत साप निघाला की पळायचं, असलं चालायचं. त्यातनंच कुणीतरी सांगितलं की मलेशियात एका नदीकाठी मऊ पाठीच्या कासवांची पिल्लं वाढवत्यात, तीन महिने राहायला-जेवायला देत्यात, काम करायचं. मी फॉर्म भरला आणि विसरून गेलो. मग एकदा सणाला गावाकडं निघालतो, एस.टी. संकेश्वरच्या पुढं आलती, मोबाईल वाजला. वाचलं. परत वाचलं. आणि मी असा किंचाळलो की ड्रायव्हरनं ब्रेक मारला. कंडक्टर काय झालं म्हणून धावत आला, "एन आयतु, एन आयतु?" मी म्हटलं, "मलेशिया!" तो म्हणला, "इदु निपाणी बस रीऽ!" सगळी बस हसली. एका म्हातारीनं काय कळल्याबिगरच मला पेढा दिला.

घरात मात्र आई दोन दिवस नुसती भांडी आपटालती. तिसऱ्या दिवशी अण्णा म्हणले, "जाऊ दे की गं. कासवं सांभाळायला चाललीया, काय कसायाकडं चालली न्हाय." मग आईनं तीन अटी घातल्या. पाणी गाळून प्यायचं. दिवस मावळायच्या आत जेवायचं. आणि तिसरी सांगताना माझा हात तिनं स्वतःच्या डोक्यावर ठेवून घेतला, "ह्या हातानं एक बी जीव जायचा न्हाय. दे शब्द." मी दिला. त्यात काय, कासवांना खाऊ घालायला चाललोय, कुणाचा जीव कशाला जातोय! आईनं धोतराची दोन फडकी घडी करून बॅगेत वर ठेवली, खाली कडक भाकरी, शेंगाची चटणी, बेळगावचा कुंदा. विमानतळावर चटणीची पिशवी बघून बाईनं विचारलं ही कसली पूड. मी उघडून वास दिला. शिंकली आणि जा म्हणली.

मलेशिया म्हंजे पहिले चार दिवस मी नुसतं 'बाई गं' म्हणत फिरत होतो. नदी दुधाच्या चहासारखी, झाडावर घोरपडीच्या बापासारखी घोरपड, पाऊस असा की कुणीतरी पिंप उलटं केलंय. लाकडी खांबावरचं घर, खाली कोंबड्या, आणि सगळ्याचा कारभार सिती नावाच्या बाईकडं. पन्नाशीची, बुटकी, डोक्याला फुलाफुलाचा रुमाल, पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट. मी तिला पहिल्या दिवसापासनं आक्का म्हणालो. तिचं इंग्लिश मोडकं, माझं मोडकं, त्यामुळं आमचं झकास जमायचं. तिचं बोलणं इथं मी आपल्याच भाषेत लिहितोय.

मी गेलो तवा रमजान चालू होता. सिती आक्का दिवसभर पाण्याचा थेंब घ्यायची न्हाय आणि दिवस मावळला की खायची. मी दिवस मावळायच्या आत खायचो. आमचं टेबल एक, ताटं दोन, मधी सूर्य. मी घाईघाईनं शेवटचा घास कोंबालोय आणि समोर ती हातात खजूर धरून घड्याळाकडं बघालीया. "सावकाश खा," म्हणायची, "तू संपवल्याशिवाय तो बुडत न्हाय." मी पाणी पिऊन तोंड पुसायचो, मग नदीपलीकडच्या मशिदीतनं बांग यायची आणि ती खजूर तोंडात टाकायची. एकीचं मिटलं की दुसरीचं उघडलं. ती खदखदा हसायची. नारळाच्या दुधातला भात ती माझ्यासाठी मासळीच्या भांड्याला न लावता वेगळा करायची आणि त्यावर मी शेंगाची चटणी घालून खायचो. असला भात मी परत कुठं खाल्ला न्हाय.

काम असं होतं. बारा पिल्लं, बारा टब, कारण एकत्र ठेवली की एकमेकांना चावत्यात. पिल्लू तळहाताएवढं, पाठ चामड्यासारखी मऊ, आणि नाक म्हंजे छोटी नळी. तब्येतीत असलं की वाळूत घुसून बसतंय, नळी तेवढी वर. सिती आक्कानं पहिल्या दिवशी बादली हातात दिली, हिरवागार सिमेंटचा हौद दाखवला आणि म्हणली, "रोज सकाळ-संध्याकाळ प्रत्येक टबात ह्यातलं एक मग पाणी." आणि गेली. तिला वाटलं कासवं सांभाळायला आलेल्या पोरीला ह्याच्यावर काय सांगायचं. मला वाटलं पाणी बदलायचं.

आता कुणी सांगितलं हौदातलं पाणी घ्या की माझे हात काय करणार? बरोबर. मी बॅगेतनं फडकं काढलं, बादलीवर दुहेरी घातलं, गाळलं. बघतो तर फडक्यात जीवच जीव! अळ्या, पिसवांसारखे उड्या मारणारे बारके किडे, लाल दोऱ्यासारखे किडे. मला काय आनंद झाला! आईला दाखवायला फोटो बी काढला. मग सगळं फडकं हळू धुवून, हौदाच्या काठावर पालथं पडून, पाण्याला टेकवून सोडलं. आणि स्वच्छ, चकाचक पाणी पिल्लांना दिलं. सकाळी, संध्याकाळी, सहा दिवस. बारा टब असले चमकायचे की तिथली जपानची एक रिटायर मास्तरीण काकू बी "ब्युटिफुल, ब्युटिफुल" म्हणून फोटो काढायची.

त्या बारातलं सगळ्यात बारकं पिल्लू, त्याच्या पाठीवर शेंगाच्या टरफलासारखी नक्षी होती, म्हणून मी तिला शेंगा म्हणायचो. (पोरगी हाय का पोरगा हे एवढ्यात कळत न्हाय, पण मला कळलंतं.) मी टबावर वाकलो की शेंगा मान लांब करून वर यायची, माझ्याकडं बघायची. लाडानं येती असं मला वाटायचं. ती मागालती.

चौथ्या दिवशी वजनं घेतली तर काटा सगळ्यांचाच खाली. सिती आक्काच्या कपाळाला आठ्या. पाचव्या दिवशी अजून खाली. तिला वाटलं बुरशीचा रोग आलाय, पाठी तपासल्या, टबात मीठ घातलं, शहरातल्या डॉक्टरला फोन केला. सहाव्या दिवशी सकाळी शेंगा वाळूत नव्हतीच. वर तरंगत होती, डोळं मिटून. बोट लावलं तर मान आत घेतली न्हाय. सिती आक्कानं तिला तळहातावर घेतलं आणि म्हणली, "अंड्यातला बलक पोटात असतोय तोवर जगत्यात. हिचा संपलाय. आज खाल्लं तर ठीक, न्हायतर ही उद्या न्हाय." मी म्हटलं, "पण खायला काय देतोय आपण हिला?" खरंच विचारलं हो मी हे! तिनं माझ्याकडं बघितलं. "काय देतोय म्हंजे? तूच देतीयस की रोज."

मला तरी बी कळलं न्हाय. दुपार कलल्यावर मी नेहमीसारखा हौदावर पालथा पडून फडकं सोडालोय, तोंडानं णमोकार चाललाय, आणि मागनं रबरी बुटाचा आवाज.

"काय करालीस?"

"सोडालोय."

"कुणाला?"

"ह्यांना. जीव हायत आक्का हे. रोज वाचवतो मी. एक बी मेला न्हाय."

ती खाली बसली. फडक्याकडं बघितलं, हौदाकडं बघितलं. तवा माझ्या लक्षात आलं की सहा दिवसांत हौद नुसता उकळल्यासारखा वळवळालता. ती लई हळू बोलली. ओरडली असती तर बरं झालं असतं. "मी सकाळपासनं उपाशी हाय. का? मी ठरवलंय म्हणून. तुझं दिवस मावळल्यावरचं पाणीसुद्धा बंद, तू ठरवलंयस म्हणून. ह्या बारा जणांना कुणी विचारलं?"

फडकं माझ्या हातातनं गळून हौदात पडलं. अकरा पिल्लांना तिनं लगेच न गाळलेली, किड्यांसकट बादली भरून नेली. शेंगाचा टब तेवढा माझ्यासमोर ठेवला आणि म्हणली, "हिला तू दे. न्हाय जमलं तर सांग, मी देतो. पण दिवस मावळायच्या आत सांग."

मी घरी व्हिडिओ कॉल लावला. तिकडं दुपारची जेवणं चाललीती. मी रडत रडत सगळं सांगितलं. आईनं हातातली भाकरी ताटात ठेवली. मग म्हणली, "परत ये तू. न्हायतर त्या बाईलाच द्यायला सांग. तुझ्या हातनं नको."

"आई, तिनं दिलं तरी देणं माझंच की. आणि न्हाय दिलं तर शेंगा मरती, ती बी माझ्याच हातानं. मी शब्द कुठला पाळू?"

मागं अण्णा भाकरी चावालते, तेवढाच आवाज. मग ते चावायचे थांबले आणि म्हणले, "सुप्री, आपल्या विहिरीत कासव हाय, माहीत हाय काय तुला?"

"काय?"

"आप्पानं, तुझ्या आज्जानं, सोडलंय. मी तवा धा वर्षाचा असेन. पाणी सोच्छ राहातंय म्हणून पूर्वी सोडायचे. दुपारी तुमची आई झोपली की वर येतंय, रहाट वाजला की बुडी मारतंय."

मोबाईलवर आईचं तोंड मी आयुष्यात विसरणार न्हाय. "अवो, आपल्या विहिरीत? कासव? आणि मी तीस वर्षं रोज..."

"रोज. दोन टाइम. तांब्यातनं, हळूच, लागू नये म्हणून पाण्याला टेकवून." अण्णा परत मिशीत हसालते. "कुणी एवढ्या प्रेमानं वाढत न्हाय गं जेवायला."

"तुम्ही मला सांगितला न्हाईसा!"

"सांगितलं असतं तर आम्हाला पाणी पाजली असतीस काय तू?"

मोबाईल कलंडला. बराच वेळ मला नुसता आमचा पंखा दिसालता. रडालतो पण मला हसू फुटालतं, आणि हसालतो म्हणून अजूनच रडू. मग आईचा आवाज आला, बारीक. "त्या पिल्लाचं नाव काय म्हणलीस?"

"शेंगा."

"किती दिवस झालं?"

"सहा."

"सहा! बाई गं. तुझा बाप दशलक्षण पर्वात एक उपास करतोय तर संध्याकाळपतुर कुणाशी धड बोलत न्हाय." पंखा फिरत होता. "मी सोडतो तुला शब्दातनं. तीन अटीतल्या दोन पाळ. जा, पारणं घाल तिला. आधी त्या सगळ्या जीवांची क्षमा माग, मग घाल. आणि हळू घाल, धसमुसळेपणा करू नकोस."

मी आता अठ्ठावीसचा झालोय आणि हेच काम करतोय. लोक विचारत्यात, जैन असून तुला हे कसं चालतं? आईनं त्या दिवशी पंख्याआडनं सांगितलं तेवढंच मी सांगतो.

संध्याकाळी मी जेवलो न्हाय, नुसता भात चिवडून वेळेत ताट धुतलं. मग हौदावर गेलो, त्याच फडक्यानं गाळलं. हात जोडले. मोठ्यानं, आपल्या भाषेत, कारण मलेशियातल्या अळ्यांना तरी मलय येते का मला काय ठाऊक, म्हटलं, माफ करा, मी सहा दिवस तुम्हाला वाचवलं आणि आता घेऊन चाललोय. फडकं उलटं केलं, धुतलं, तांब्याऐवजी वाटी. वाटी शेंगाच्या टबात पाण्याला टेकवली आणि सावकाश कलती केली. हाताला ते काम तेच. फक्त दुसऱ्या बाजूला तोंड होतं.

पलीकडनं बांग आली. सिती आक्का टबाशेजारी उकिडवी बसलेली, हातात खजूर. "आक्का, खा की," मी म्हटलं. ती म्हणली, "आधी तिचा उपास सुटू दे." दिवसभराची उपाशी बाई! बांग संपली. शेंगा तरंगत होती. एक अळी तिच्या नाकासमोरनं वळवळत गेली. काय न्हाय. दुसरी गेली. काय न्हाय. मी फडक्याचं टोक चावालतो. मग एक डोळा उघडला, अर्धाच. आणि मान अशी सटकन बाहेर आली, एवढीशी पोरगी आणि एवढी लांब मान, की मी मागं पडलो! खाल्लं! परत खाल्लं! सिती आक्का किंचाळली, मी किंचाळलो, जपानची काकू काय झालं म्हणून पळत आली आणि न विचारताच आमच्याबरोबर किंचाळली. सिती आक्कानं खजूर तोंडात टाकला आणि आनंदाच्या भरात दुसरा माझ्या तोंडात कोंबला. मी लगेच बाहेर काढला, दिवस मावळलाता की! कागदात गुंडाळून उशाला ठेवला आणि सकाळी ऊन आल्या आल्या खाल्ला. शेंगानं बी दिवस मावळल्यावरच खाल्लंतं म्हणा, पण ती कुठं जैन.

त्या दिवसापासनं माझं फडकं हौदाजवळच्या खिळ्यावर कायमचं गेलं. तिथली किडे धरायची जाळी बारके किडे खाली गाळायची आणि मोठे चेंदायची, अण्णांच्या धोतरातनं एक सुटायचा न्हाय आणि एक चेंदायचा न्हाय. आईनं कुरियरनं अजून चार पाठवली. मी निघायच्या आठवड्यात बारा पिल्लं नदीत सोडली, बाराच्या बारा. शेंगाला मी हातात धरून पाण्याला टेकवलं, वरनं टाकलं न्हाय. ती वळून बघेल असं मला वाटलंतं. काय बघतीया! सरळ गेली. जाता जाता माझ्या अंगठ्याला चावून गेली.

घरी आलो त्या सकाळी रहाटाच्या आवाजानं जाग आली. मागं गेलो तर विहिरीवर दोघं बी. आई अलीकडच्या काठावर, हातात जिवाणीचा तांब्या, दोरी पकडून थांबलीया. अण्णा पलीकडच्या काठावर वाकून भाकरीचे तुकडे टाकालेत. मला काय कळंना. "काय चाललंय?" म्हटलं. आईनं तोंडावर बोट ठेवलं. अण्णांनी अजून एक तुकडा टाकला, खाली बघितलं, आणि हात वर करून ओरडले, "आलं बघ इकडं! जेवालंय! सोड, सोड लवकर!"